हॉलमधल्या कराटेचे फोटो: दोन महिन्यांच्या नोंदी, चुका आणि खर्चासकट

रविवार, 6 ऑक्टोबर 2024

भाचीच्या क्लासची स्पर्धा, सांगलीतच एका इनडोअर हॉलमध्ये. सरांनी आठवडाभर आधी विचारलेलं, "तुमच्याकडं कॅमेरा हाय न्हवं, मग आमच्या पोरांचे काढा की", आणि मी मोठ्या तोंडानं हो म्हणलं. कॅमेरा म्हणजे दहा वर्षं जुना साधा डीएसएलआर, सेकंदाला तीन फ्रेम, सोबत आलेली 18-55 ची किट लेन्स. आतापर्यंत बारसं, साखरपुडा आणि गणपती एवढंच काढलेलं.

सुरुवातच वाईट झाली. कॅमेरा ऑटोवर होता, पहिल्याच लढतीत फ्लॅश आपोआप उघडून उडाला, रेफ्रीनं यामे, म्हणजे थांबा, म्हणून लढत थांबवली आणि सगळा हॉल माझ्याकडं बघायला लागला. ताई तर गॅलरीतनं खाली मान घालून बसली. मग कुठंतरी वाचलेलं आठवलं की स्पोर्टला हजारचा शटर पाहिजे, म्हणून 1/1000 लावला, म्हणजे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडं, ते सगळे काळे आले. मग 1/125 केला, ते सगळे हलले. दिवसभर असंच, पुढं-मागं. एकूण 1140 फोटो.

सोमवार, 7 ऑक्टोबर

रात्री अकरा ते दोन कॉम्प्युटरवर. 1140 मधले देण्यासारखे 11 आणि त्यातले 6 बक्षीस समारंभाचे, म्हणजे लढतीचे पाचच.

बाकीचे का गेले ते वहीत लिहून काढलं, कारण नुसतं "खराब आले" म्हणून उपयोग नाही. सगळ्यात जास्त हललेले, त्याखालोखाल काळे. दोनेकशे फोटोत रेफ्रीची पाठ, कारण मी नेमका त्याच्या मागच्या बाजूला उभा. बऱ्याच ठिकाणी फोकस पोरांवर नाही तर मागच्या बॅनरवर, त्यावरच्या पाहुण्यांचे फोटो मात्र कसे एकदम चकचकीत!

पण एक गोष्ट कळेना. एकाच जागेवरनं, एकाच सेटिंगवर लागोपाठ काढलेले चार फोटो, त्यात पहिला पांढराशुभ्र, दुसरा तांबूस, तिसऱ्याचा खालचा अर्धा भाग अंधारा, चौथा परत बरा. कॅमेऱ्याचं काहीतरी गेलं असणार असं वाटलं.

बुधवार, 9 ऑक्टोबर

एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. दोन फोटो बघून तो म्हणाला शटर गेलंय, खोलायला लागंल, 3500 होतील. दिला नाही, कारण उजेडात अंगणात काढलेले पन्नास फोटो एकदम चांगले आलेले. शटर गेलं असतं तर उन्हात पण गेलंच असतं की.

गुरुवार, 10 ऑक्टोबर

जुनी 50 एमएम 1.8 लेन्स घेतली, 5500 ला. या सगळ्या उद्योगातला सगळ्यात शहाणा खर्च हाच. किट लेन्स झूम करून 55 ला नेली की 5.6 च्या पुढं उघडत नाही (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), आणि 1.8 म्हणजे तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत. हिशेबच बघा, त्या हॉलमध्ये किट लेन्सवर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 6400 पर्यंत ताणूनसुद्धा 1/250 च मिळत होता आणि 1/250 ला उभं राहिलेलं पोरगं ठीक येतं, लाथ मारणाऱ्याचा पाय मात्र धुरासारखा दिसतो. 50 नं तेवढ्याच उजेडात आयएसओ निम्म्याच्याही खाली आणून 1/800 मिळाला पाहिजे.

शुक्रवार, 11 ऑक्टोबर

कंपनीत खंडेपूजा. मी कुपवाडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकलला. जुन्या शेडमधल्या लेथला झेंडूचा हार घातलेला, पूजा झाल्यावर ऑपरेटरनं हार काढून मशीन एकदा चालू करून दाखवलं. त्या कोपऱ्यात दोन जुन्या चोकवाल्या ट्यूब आहेत. चक, म्हणजे लेथचा काम पकडून फिरणारा भाग, फिरत होता आणि एका ठराविक स्पीडला तो थांबल्यासारखा दिसला. नव्या पोराला मी सवयीनं बोललो, "हात घालू नको, फिरतोय तो, लाइटमुळं थांबल्यागत दिसतोय." आणि बोलता बोलताच डोक्यात उजेड पडला.

आपली लाइन 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला कळत नाही. पण 1/800 म्हणजे जेमतेम सव्वा मिलिसेकंद, आणि दिव्याचं एक चक्र दहा मिलिसेकंदाचं. त्या दहातला कुठला सव्वा तुकडा कॅमेऱ्याच्या वाट्याला येईल हे नशिबावर. उजळलेला मिळाला तर पांढरा, मंदावलेला मिळाला तर तांबूस. अर्धा फोटो अंधारा का, तर शटरचा पडदा फोटोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायलाच चार-पाच मिलिसेकंद घेतो, तेवढ्यात दिवा मंदावलेला असतो.

कारखान्यात याच्यावरचा उपाय आम्हीच करतो, शेडमधल्या लाइट आर, वाय, बी अशा तिन्ही फेजवर आळीपाळीनं टाकतो, एक मंदावली की शेजारची उजळलेली असते. पंधरा वर्षं हेच करतोय आणि फोटो बघताना तीन रात्री घालवल्या.

शनिवार, 12 ऑक्टोबर

दसरा. कॅमेऱ्याला हळद-कुंकू वाहिलं. काढलं काहीच नाही.

गुरुवार, 17 ऑक्टोबर

क्लासमध्ये टेस्ट. 1/800 वर पांढऱ्या भिंतीचे वीस फोटो. वीसच्या वीस एकसारखे! म्हणजे माझा सगळा सिद्धांत पाण्यात असं वाटून जरा नाराजच झालो.

रविवार, 20 ऑक्टोबर

नाराज व्हायचं कारण नव्हतं. क्लासमध्ये नवीन एलईडी पट्ट्या आहेत, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारं आतलं सर्किट, बरा असणार. स्पर्धेच्या हॉलवर वर जुने मेटल हलाइड दिवे आहेत, ते वाटीसारख्या तोंडाचे मोठे. आज तिथं बॅडमिंटनवाले खेळत होते, आत जाऊन मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ काढला, 240 फ्रेमवाला. लगेच दिसलं, दिवे लुकलुक करताहेत. भिंतीच्या वीस फोटोंत 9 खराब.

तर कुठल्याही हॉलमध्ये जायच्या आधी हे करा, मोबाईलचा स्लो मोशन दिव्यांकडं धरा. फुकट आहे आणि दहा सेकंदात कळतं. सगळे एलईडी चांगलेच असतात असं पण नाही, स्वस्तातले काही हलाइडपेक्षा जास्त लुकलुकतात.

रविवार, 27 ऑक्टोबर

क्लासमध्ये सराव, अडीच तास. उजेडाचं समजलं तरी ठोसा लागताना फोटो मिळेना. बटण दाबून धरायचं आणि तीन-तीन फ्रेम सोडायच्या असं करत होतो. पण सेकंदाला तीन फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो, ग्याकू झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, तेवढ्यात जाऊन परत आलेला असतो. फोटोत काय, तर दोघं एकमेकांकडं बघत उभे. मग सरळ एकेक क्लिक. तिथं दुसरा घोळ, हात निघालेला दिसला की बटण दाबायचो, तोपर्यंत सगळं संपलेलं.

भाचीनं शेवटी सांगितलं. "मामा, तू हाताकडं बघतोयस. हाताकडं बघून आम्हाला पण अडवता येत नाही. कंबर बघ. मावाशी मारायच्या आधी कंबर वळते, टाच फिरते, मग पाय उठतो." बारा वर्षांची पोरगी. (मावाशी म्हणजे गोल फिरवून मारलेली लाथ.) मग तासभर कॅमेरा बाजूला ठेवून नुसत्या तिच्या लढती बघितल्या आणि मनातल्या मनात क्लिक केलं. नंतर काढले तेव्हा दर दहात दोन-तीन बरोबर वेळेवर यायला लागले. आधी शंभरात एक होता.

मावाशी गेरी पकडायला सोपी, पाय लांबनं येतो. ठोसा अवघड. आणि मुलं दोन-तीनदा जागेवर उड्या मारून मगच आत शिरतात, प्रत्येकाचा आपला एक ताल असतो, तो पहिल्या अर्ध्या मिनिटात बघून ठेवायचा.

हलणाऱ्या माणसावर सतत फोकस राहावा म्हणून कॅननवाल्यांनी एआय सर्व्हो लावायचा, निकॉनवाल्यांनी एएफ-सी. नऊच्या नऊ पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा रेफ्रीच्या टायला पण फोकस करतो. फक्त मधला पॉइंट ठेवला, आणि तो छातीवर धरला, बेल्टच्या गाठीवर नाही.

शनिवार, 9 नोव्हेंबर

दिवाळीत काही झालं नाही. एक मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, घेतला, 900. का घेतला देव जाणे, पुढं सांगतो.

गुरुवार, 14 नोव्हेंबर

17 ची स्पर्धा पुढं गेली. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, हॉल त्या कामासाठी घेतलेला. आता 1 डिसेंबर. वेळ मिळाला ते बरं, पण वाईट हे की तुळशीची लग्नं लागायला लागली. मिरजेतला एक दोस्त लग्नाचे फोटो काढतो, त्याची 70-200 2.8 लेन्स 1200 रुपये दिवस भाड्यानं ठरवलेली. त्यानं हात वर केले, आता जानेवारीपर्यंत रविवारचं नाव काढू नको म्हणाला, जमलं तर एखादा मधला दिवस. सगळा जिल्हा लग्न करणार तर त्याचं तरी काय चुकलं. म्हणजे 50 वरच भागवायचं.

शनिवार, 30 नोव्हेंबर

संध्याकाळी हॉलवर मॅट टाकत होते तेव्हा गेलो. लाल-निळ्या फोमच्या मॅट, दोन आखाडे, प्रत्येकी आठ बाय आठ मीटर. हॉलचे वायरमन काका भेटले, आपल्याच लाइनचा माणूस म्हणून बोर्ड उघडून दाखवला. वर दिव्यांच्या तीन ओळी आणि एका ओळीला एक फेज! म्हणजे फेज तीन असूनसुद्धा फायदा शून्य, कारण एका आखाड्यावर एकाच फेजचे दिवे. मी म्हणलं आळीपाळीनं टाकायला पाहिजे होते. काका म्हणाले, "वायरिंग करताना बॅडमिंटनची पोरं होती, फोटोवाला कुणी न्हवता."

आखाडा एक हा बरोबर पहिल्या ओळीखाली. दोन मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मधे, तिथं दोन फेजचा उजेड पडतो. दोन्हीकडं पांढऱ्या टॉवेलचे वीस-वीस फोटो काढले, 1/800 ला. एकवर 9 खराब, दोनवर 3. दोनवरच बसायचं ठरवलं, सरांना सांगितलं, ते म्हणाले बघतो, पण ड्रॉ आपल्या हातात नसतो.

टॉवेल नेलेला ते बरं झालं. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला करडं करायला बघतो, पांढरी गी, म्हणजे कराटेचा ड्रेस, घातलेली दोन पोरं फ्रेममध्ये आली की तो उजेड कमी करतो आणि सावळे चेहरे काळे पडतात. त्यामुळं मॅन्युअल. टॉवेलच्या घड्या जेमतेम दिसतील इतपत उजेड ठेवला: f/2, 1/640, आयएसओ 2500. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते, टॉवेलवरच पक्का केला, ऑटोवर ठेवला की लाल मॅटचा रंग गीवर चढतो तो वेगळाच आणि कॅमेरा दर फोटोला नवीन मत देतो.

रविवार, 1 डिसेंबर

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. जेवण म्हणजे दोन वडापाव आणि ताईनं आणलेलं भडंग.

जागा: टेबलाच्या बाजूला, जमिनीवर मांडी घालून. रेफ्री साधारण टेबलाकडं तोंड करून असतो, त्यामुळं आता पाठीऐवजी त्याचं तोंड आणि हात. चार कोपऱ्यात झेंडे घेऊन जज खुर्च्यांवर असतात, दोन खुर्च्यांच्या मधली जागा धरायची आणि आधी विचारून धरायची. खाली बसल्यामुळं लाथ अजून उंच वाटते, पण मागं गॅलरी येते आणि गॅलरीत मोबाईल धरलेले पालक. f/2 ला ते बऱ्यापैकी धूसर होतात.

मोनोपॉड तासाभरात बाजूला ठेवला. मांडी घालून बसल्यावर पूर्ण मिटवला तरी तो उंचच राहतो, आणि पोरं एका कोपऱ्यातनं दुसऱ्या कोपऱ्यात गेली की कॅमेरा वळवायला अडतो.

50 एमएम चं गणित: सात-आठ मीटरवर दोघं पूर्ण बसतात. माझ्या बाजूच्या कडेला आली की पाय नाहीतर डोकं कापलं जातं, तेव्हा उगाच सगळं घ्यायला न बघता उभा कॅमेरा करून एकाचाच चेहरा घ्यायचा. गमशील्ड चावलेला, घामेजलेला, ओरडणारा चेहरा लाथेपेक्षा चांगला निघतो असं आता माझं मत झालंय.

साडेअकराला लाइट गेली. दोन मिनिटांत आली, पण मेटल हलाइड विझला की थंड झाल्याशिवाय परत पेटत नाही, पंधरा मिनिटं हॉल अर्धा अंधारात. आयोजकांनी घाई करून एक लढत तशीच सुरू केली, तिचे फोटो एकही नाही. दिवे पेटल्यावर पण पूर्ण उजेडाला वेळ लागतो, आणि मी सेटिंग वाढवलेलं परत कमी करायला विसरलो. पुढच्या तीन लढतींत गी म्हणजे नुसता पांढरा डाग. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असतो तर थोडं वाचलं असतं, पण रॉ मध्ये माझा कॅमेरा सहा फ्रेमला दमतो आणि लाल दिवा लावून बसतो, म्हणून जेपेगवर होतो. ही चूक शंभर टक्के माझी.

भाचीची लढत अर्थातच आखाडा एकवर. ती आओ, निळी. दोन मिनिटांची लढत, मी 31 फोटो काढले, त्यातले 14 तांबूस नाहीतर अर्धे. तिनं एक डोक्यावरची मावाशी लावली, तीन पॉइंट, आणि मी ती वेळेवर पकडली, कंबर बघूनच पकडली. तो फोटो वरून खाली अर्धा अंधारा आला. शेवटी ती 4-3 हरली.

काता, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय करायच्या ठरलेल्या हालचाली, लवकर उरकतो. हॉल शांत असतो, शटरचा आवाज घुमतो, म्हणून प्रत्येक हालचालीच्या शेवटी थांबतात तेवढ्यातच एक क्लिक. तिथं 1/320 पण पुरतो.

मंगळवार, 3 डिसेंबर

एकूण 870, ठेवले 164. ऑक्टोबरात लढतींचे पाच होते.

पट्टे पडलेल्यांतले वीसेक चांगले क्षण कृष्णधवल करून वाचवले, रंगाचा घोळ त्यात बराच लपतो. पण अका (लाल) कोण, आओ (निळा) कोण ओळखू येईना. एका आजोबांनी विचारलं, "ह्यात आमचा नातू मारतोय का खातोय?" पॅड सगळे करडे! त्यांना रंगीत, तांबूस तोच दिला, तो त्यांना जास्त आवडला.

द्यायच्या आधी एक काम केलं, मुलींचे अवघडलेल्या कोनातले फोटो, कुणाच्या नाकातनं रक्त आलेले, रडतानाचे, सगळे उडवले. ग्रुपवर एकदम टाकले नाहीत, सरांकडं पेन ड्राइव्हवर दिले आणि पालकांना विचारूनच पुढं पाठवा म्हणलं. दुसऱ्याची पोरं आहेत.

भाचीला तो अर्धा अंधारा फोटो दाखवला. "मामा, पाय तर दिसतोय की." तिनं तोच स्टेटसला ठेवला.

घरच्या काकांना पण दाखवले. ते जुने तालमीतले, त्यांना कराटे म्हणजे नाच वाटतो. कुंडलच्या कुस्ती मैदानाचे फोटो बघ म्हणाले, लाल माती अंगावर उडालेली दिसते, एकेक कण. मी म्हणलं काका, तिथं भर दुपारचं ऊन असतं वरनं, तिथं मी 1/2000 पण लावीन. 2023 ला महिला महाराष्ट्र केसरीचं पहिलं मैदान सांगलीत झालं, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली, तेव्हा मी गर्दीतनं मोबाईलवर काढलेले फोटो त्यांना काढून दाखवले. सगळे हललेले. काका म्हणाले, "मग सुधारलायस की थोडा."

शुक्रवार, 13 डिसेंबर

साताऱ्याला एक लहान स्पर्धा होती, क्लासची चार पोरं. मधला वार असल्यामुळं दोस्तानं लेन्स तर दिलीच, वर त्याची नवी बॉडी पण दिली, एकूण 2000 रुपये. त्या बॉडीत अँटी फ्लिकर आहे, दिवा उजळतो ती वेळ ओळखून कॅमेरा तेव्हाच शटर उघडतो. मेन्यूत शोधून चालू करावा लागतो, आणि मी पहिला तासभर तो बंद ठेवूनच काढत होतो, नेहमीप्रमाणं. चालू केल्यावर चाळीसपैकी चाळीस एकसारखे. बटण दाबल्यावर किंचित उशीर लागतो, पण कंबर बघायची सवय असेल तर अडत नाही.

70-200 मात्र दीड किलोच्या आसपास. दुपारनंतर हात थरथरायला लागले, आणि तेव्हा मोनोपॉड घरी.

आतापर्यंतचा खर्च: लेन्स 5500, भाडं 2000, कार्ड 850, मोनोपॉड 900, साताऱ्याचं एसटीभाडं आणि चहा-पाणी वेगळं. सरांनी पेट्रोलला 500 दिले, नको म्हणत होतो पण खिशात घातले.

पुढची स्पर्धा जानेवारीत, त्याच हलाइडच्या हॉलमध्ये. वायरमन काकांना म्हणलंय, पहिल्या ओळीतले चार दिवे मधल्या फेजवर घेऊ, शिडी तुमची, हात माझे. ते म्हणाले साहेबांची सही आणा. अर्ज दिलाय.

मोनोपॉड विकायचा आहे, एकदाच वापरलेला. 500.